जादाबाईचे दोन मार्क

निकालाचा कागद तिनं आधी नुसता वाचला, मग चष्मा पुसून वाचला, आणि मग कामाच्या टेबलावर पसरून त्याच्यावर पटाशी ठेवली. जणू काही तो उडून कुणाच्या हाती लागला असता तर आकडा बदलला असता.

"किती?" मिस्त्रींनी पाठ न वळवता विचारलं.

"प्रॅक्टिकलला सत्तेचाळीस. पन्नासपैकी."

"ते मला माहितीये. लेखी सांग."

"अठरा."

"आणि पासाला?"

"वीस."

"म्हणजे मागच्या वेळेसारखंच."

"त्याच्या मागच्या वेळेलाही अठराच होते. बघा मिस्त्री, सातत्य म्हणून काही आहे की नाही माझ्यात?"

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी रंधा खाली ठेवला, तोही जरा जोरात. ते रंधा कधी जोरात ठेवत नसत.

ही फाउंड्रीतली लाकूडकामाची खोली. बाहेर भट्टी, वाळू, धूर, आरडाओरडा. आत मात्र लाकडाचा वास आणि शांतता. बाहेरच्या पुली, झाकणं, पंपाचे डबे असं जे काही बिडाच्या लोखंडाचं ओतून निघतं, ते आधी या खोलीत लाकडात घडतं. त्या लाकडी घडणीला पॅटर्न म्हणायचं. पॅटर्न ओल्या वाळूत दाबून बसवायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि वाळूत जी पोकळी राहील तिच्यात बीड ओतायचं. पॅटर्न चुकला तर पुढचं सगळं चुकलं. म्हणून पॅटर्न खोलीबाहेर पडताना त्याच्या कार्डावर मिस्त्रीची सही लागते, आणि सही करायला बोर्डाचं सर्टिफिकेट लागतं.

बाई बावीस वर्षं या खोलीत होती. आली तेव्हा लाकडाची सालपटं झाडायला आली होती. आता गेली बारा वर्षं अर्ध्याहून अधिक पॅटर्न तिच्या हातचे होते, सही मिस्त्रींची. हजेरीपटावर तिच्या नावापुढे अजूनही 'मदतनीस' असंच होतं. सगळी फाउंड्री तिला जादाबाई म्हणायची, कारण कुणीही माप सांगितलं की तिच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "आणि जादा किती?"

आता या महिन्याच्या अखेरीस मिस्त्री जायचे होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, बारीक रेघ दोन दिसायला लागली होती. मॅनेजरबाईंनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "बाई, एक तारखेला तुमच्या हातात सर्टिफिकेट असेल तर खोली तुमची. नसेल तर मी बाहेरचा मिस्त्री बोलावलाय. मला सहीवाचून काम थांबवता येणार नाही. राग मानू नका."

बाईनं राग मानला नव्हता. एक तारखेला एकोणीस दिवस होते.

"पहिला प्रश्न काय होता?" मिस्त्रींनी विचारलं, आणि उत्तर माहीत असूनही थांबले.

"पॅटर्न म्हणजे काय. दोन मार्क."

"आणि तू काय लिहिलंस?"

"जे आहे ते."

"अगं, गाईडमध्ये काय छापलंय? 'पॅटर्न म्हणजे तयार करावयाच्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृती होय.' झालं! एवढं एक वाक्य. शाळेतली पोरं घोकतात. तुला घोकायला काय धाड भरलीये? तिन्ही वेळा तोच प्रश्न, तिन्ही वेळा तेच दोन मार्क, आणि तिन्ही वेळा तू आपली शहाणी!"

"हात उचलत नाही मिस्त्री."

"रंधा उचलतो, घण उचलतो, पेन उचलत नाही?"

"घण उचलला होता म्हणूनच पेन उचलत नाही," बाई म्हणाली. त्या घणाची गोष्ट दोघांनाही ठाऊक होती.

बाई तेव्हा नवी होती. रस्त्यावरच्या गटारांची झाकणं करायची ऑर्डर आली होती. मिस्त्री चार दिवस तापानं अंथरुणात. बाईनं विचार केला, त्यात काय एवढं? एक जुनं झाकण आणलं, फूटपट्टीनं मोजलं, बरोब्बर सहाशे मिलिमीटर. लाकडात बरोब्बर सहाशेचं करून दिलं. हुबेहूब. वाळूचे साचे भरणाऱ्या मोल्डरनं छत्तीस झाकणं ओतली. बसवली, आणि आठवड्यात सगळीच्या सगळी परत आली. प्रत्येक झाकण सहा मिलिमीटर लहान भरलं होतं. चौकटीत सैल बसायचं, वरून गाडी गेली की टाळ्या वाजवायचं. गल्लीतल्या लोकांची झोप उडाली होती.

बीड तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. शंभराला एक. म्हणून पॅटर्न वस्तूएवढा करायचाच नसतो, तो तेवढा जादा करायचा असतो. मिस्त्रींच्या खणात त्यासाठी एक वेगळी पट्टी होती. तिच्यावर तीनशे लिहिलेलं असायचं, पण खऱ्या मापानं ती तीनशे तीन भरायची. मिस्त्री त्या दिवशी तिला एका शब्दानं रागावले नाहीत. फक्त घण हातात दिला आणि म्हणाले, "फोड. वितळवायचीत." छत्तीस झाकणं बाईनं एकटीनं फोडली. दुसऱ्या दिवशी तिला वेणी घालायला हात वर नेता येईना. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ती पट्टी तिच्यापुढे ठेवली.

घरी भाची होती. बहिणीची मुलगी, कॉलेजात इंग्रजी शिकायला मावशीकडे राहिलेली, आणि जिभेला हाड नसलेली.

"अठरा!" ती म्हणाली. "मावशी, तू अठराशी लग्न लावलंयस का?"

"चेष्टा पुरे. तुझ्या त्या जाड्या पुस्तकात बघ बरं, पॅटर्न म्हणजे काय लिहिलंय ते."

"आत्ता? मी डोकं धुतलंय."

"डोक्यानं कुठे वाचायचंय? डोळ्यांनी वाच."

भाचीनं केसांना टॉवेल गुंडाळला आणि लायब्ररीतून आणलेला शब्दकोश मांडीवर घेतला. बाई भाजी निवडता निवडता ऐकायला लागली.

"हं. कापडावरची नक्षी. स्वेटरची वीण. कपडा बेतायचा कागद. पुन्हा पुन्हा एकाच रीतीनं घडणारं काहीही. आमच्या सर लोकांच्या भाषेत प्रश्नपत्रिकेचा पॅटर्न, तो इथे नाहीये. मग... आदर्श, कित्ता, ज्याच्यावरून दुसरं करायचं ते. आणि हे घे, तुझं! 'लाकडाचा किंवा धातूचा नमुना, ज्याच्यावरून ओतकामाचा साचा करतात.'"

"ज्याच्यावरून?"

"ज्याच्यावरून."

"हुबेहूब लिहिलंय कुठे?"

भाचीनं बोट फिरवलं. "नाही."

"जादा लिहिलंय?"

"तेही नाही. मावशी, शब्दकोश लिहिणाऱ्यानं गटाराची झाकणं नाही ना केली. पण थांब, खाली गंमत आहे. हा शब्द आलाय कुठून माहितीये? बापावरून!"

"कुणाच्या?"

"कुणाच्याच नाही गं, बाप या शब्दावरून. लॅटिनमध्ये बापाला पातेर. त्यावरून झाला पात्रोनुस, म्हणजे बापासारखा पाठीशी उभा राहणारा माणूस. तो फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. तेव्हा पाठीराख्यालाही तोच शब्द आणि ज्याच्याकडे बघून काही करायचं त्यालाही तोच. नंतर दोघांची वाटणी झाली. माणसाच्या वाट्याला पेट्रन आला, वस्तूच्या वाट्याला पॅटर्न. फ्रेंच लोकांनी तर अजून वाटणी केलीच नाहीये. त्यांच्याकडे मालकालाही पात्रों म्हणतात आणि कपडा बेतायच्या कागदालाही."

"म्हणजे शिंपी मालकालाच टेबलावर पसरून टाचण्या टोचतो?"

"मनातल्या मनात सगळेच टोचत असतील."

बाई हसली. मग हातातली जुडी तशीच राहिली.

"शब्दातच बाप बसलाय म्हण की. म्हणून मिस्त्री एवढे ओरडतात." तिनं जुडी खाली ठेवली. "मी माझ्या बापाकडे बघूनच रंधा धरायला शिकले. ते दारं-खिडक्या करायचे. पण मी काय हुबेहूब बाप झाले? त्यांना मिशा होत्या."

"मावशी!"

"अगं खरं तेच सांगतेय. ज्याच्यावरून करायचं ते वेगळं आणि करून निघतं ते वेगळं. मध्ये भट्टी आहे. एवढ्या जुन्या लोकांनासुद्धा हुबेहूब म्हणावंसं वाटलं नाही, मग हे हुबेहूब आलं कुठून?"

"गाईडातून."

"आणि गाईड कुणी लिहिलं?"

भाचीनं कोपऱ्यातलं पिवळं गाईड ओढलं, मुखपृष्ठ पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. "मावशी, यांनीच तुझा पेपर तपासलाय. बोर्डाचे मुख्य परीक्षक म्हणून नाव छापलंय. अकरावी आवृत्ती आहे."

"बरं झालं," बाई म्हणाली. "म्हणजे दोन दारं ठोठावायला नकोत."

दुसऱ्या दिवशी तिनं पुनर्तपासणीचा अर्ज भरला. बोलावणं सव्वीस तारखेचं आलं. मधल्या दिवसांत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती जेवेना, खोलीत काहीतरी घडवत बसे. मिस्त्रींनी तिसऱ्या दिवशी डोळे बारीक करून पाहिलं.

"हे काय चाललंय? दोन तबकड्या कशाला?"

"एक तुमच्या पद्धतीची. एक गाईडची."

"माझ्या खोलीत चुकीचा पॅटर्न करायचा नाही!"

"मुद्दाम केलेली चूक आहे मिस्त्री. फार मनापासून केलीये, बघा तरी. फिनिशिंग बघा."

मिस्त्रींनी चुकीची तबकडी हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. काम इतकं साफ होतं की त्यांना शिवी सुचेना. "मोल्डरला सांग, दोन्ही वाळूच्या एकाच पेटीत बसव. एकच वाळू, एकच ओतणी. नाहीतर तो परीक्षक वाळूवर ढकलेल," एवढं म्हणून ते चहा प्यायला निघून गेले.

सव्वीस तारखेला बाई बोर्डाच्या कचेरीत गेली, खांद्याला सात किलोची पिशवी. शिपायानं ती उचलून बाजूला ठेवायला पाहिली आणि कंबर धरली. "काय भरलंय बाई?"

"अर्जासोबतची कागदपत्रं," ती म्हणाली.

परीक्षक सर साठीच्या घरातले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. टेबलावर तिची उत्तरपत्रिका उघडी होती.

"बसा बाई. तुमची बेरीज मी स्वतः दोनदा तपासली. अठराच होतात."

"बेरीज बरोबर आहे सर. पहिलं उत्तर बघायला आलेय."

"त्याला शून्य आहे."

"तेच म्हणतेय. का?"

सरांनी वाचलं. "'पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून साचा करतात ते. तो वस्तूएवढा नसतो, वस्तूपेक्षा जादा असतो.' हे चूक आहे बाई. पॅटर्न म्हणजे नमुना. नमुना हा हुबेहूबच असतो. मी अठ्ठावीस वर्षं शिकवतोय."

"काय शिकवता सर?"

"ड्रॉइंग."

"मग मोजायला तुमच्याइतका चांगला माणूस मिळायचा नाही," असं म्हणत बाईनं पिशवीतून आधी ड्रॉइंगचा कागद काढला, मग एक लाकडी तबकडी. "ड्रॉइंगमध्ये व्यास किती?"

"दोनशे."

"ही मोजा."

सर जरा घुटमळले. पण मोजायचं म्हटलं की त्यांचा हात आपोआप खणाकडे गेला. मखमली डबीतून बारीक मापाचा व्हर्निअर निघाला. "दोनशे. पूर्ण दोनशे." त्यांच्या आवाजात कौतुक आलं. "सुंदर काम आहे. हाच तर पॅटर्न! हुबेहूब."

"आता तिच्यावरून ओतलेली ही." टेबलावर बिडाची तबकडी ठेवली गेली, आणि पेपरवेट उडाला.

सरांनी मोजलं. व्हर्निअर सोडला, पुसला, पुन्हा लावला. तबकडी फिरवून तिसरीकडून मोजली.

"एकशे अठ्ठ्याण्णव."

"ही गाईडची सर."

सरांनी ड्रॉइंगचा कागद ओढून आकडा पुन्हा बघितला.

"आता माझी." दुसरं लाकूड.

"दोनशे दोन. हे जास्त आहे."

"आणि तिच्यावरून ओतलेली."

या वेळी सरांनी फार सावकाश मोजलं. पंखा फिरत होता, कागद फडफडत होते. "दोनशे," ते म्हणाले, एवढ्या हळू की बाईला ओठांवरूनच कळलं.

"वाळूत फरक असेल," त्यांनी थोड्या वेळानं म्हणून पाहिलं.

"एका पेटीत दोन्ही. एकच वाळू, एकाच ओतणीचं बीड. मोल्डरची चिठ्ठी आणलीये."

"हे आकसण्याचं प्रकरण पुढे आहे की गाईडमध्ये. सातव्या धड्यात."

"आहे ना. वाचलंय. पण पोरगं पहिला धडा घोकून येतं सर, आणि सातव्याच्या आधी त्याला कामाला लावतात. मी सातव्याच्या आधीच छत्तीस झाकणं बिघडवली होती. गाईड नव्हतं तेव्हा, माझं मीच हुबेहूब ठरवलं होतं. आता ते छापून मिळतं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याविना ते एकदम म्हातारे दिसले. "एक अडचण आहे बाई. तुमचं उत्तर बरोबर धरायचं, तर बाकीच्या एकेचाळीस जणांचं चूक धरावं लागेल. सगळ्यांनी माझंच वाक्य लिहिलंय. त्यातले दोघं काठावर पास आहेत. त्यांचे दोन कापले की ते नापास. कापू?"

हे बाईनं धरलेलं नव्हतं. तिनं सगळं मोजलं होतं, पण ही दोन माणसं मापात धरायची राहून गेली होती. ती खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. मान हलवली असती तरी चाललं असतं. हा बरोबर, ते चूक, हिशेब सरळ होता. पण त्या दोघांच्या घरी निकालाचा कागद पोचला होता.

"नाही," ती म्हणाली. "कापायचे नाहीत. त्यांना जे शिकवलं ते त्यांनी लिहिलं. त्यांची चूक नाही."

"मग?"

"त्यांचे राहू द्या. माझे वाढवा. आणि त्या दोघांना, सगळ्या एकेचाळीस जणांना, बोर्डाच्या कागदावर कळवा, की पहिलं वाक्य बदललंय. सर्टिफिकेट खणात राहील हो, पण पॅटर्न ते उद्याच करायला घेतील."

"म्हणजे मी अकरा आवृत्त्या चूक लिहिलं हे एकेचाळीस जणांना लेखी कळवायचं."

"हो सर."

"तुम्ही भीड म्हणून काही ठेवत नाही."

"भीड ठेवली की मिस्त्री ओरडतात."

सर हसले, मनाविरुद्ध. त्यांनी चष्मा चढवला, लाल पेन काढलं, पण लगेच काही लिहिलं नाही. उत्तरपत्रिका तिच्याकडे फिरवली. "यात एक कमी आहे. 'जादा असतो' लिहिलंय. किती जादा ते कुठे लिहिलंय? तेवढ्यावर मी दोन देऊ शकत नाही. एक देईन."

एक म्हणजे एकोणीस. बाईच्या कानाची पाळी तापली. मग तिनं पाहिलं, की माणूस बरोबर बोलतोय. हाच प्रश्न ती उभ्या फाउंड्रीला बावीस वर्षं विचारत आली होती, आणि पेपरात तिनं त्याचं उत्तर लिहिलंच नव्हतं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "आता तोंडी विचारा."

"तोंडी परीक्षा नियमात नाही."

"हुबेहूबसुद्धा बिडाच्या नियमात नाही. विचारा सर."

सरांनी शिपायाला हाक मारली, साक्षीदार म्हणून दारात उभं केलं आणि अर्जाच्या पाठीवर प्रश्न लिहायला सुरुवात केली. बीड? शंभराला एक. पितळ? दीड. पोलाद? दोन. आणि ओतल्यावर कड तासायची असेल तर? ती जादा वेगळी. तबकडीची बाजू उभी ठेवाल का? नाही, किंचित तिरकी, नाहीतर पॅटर्न काढताना वाळू ढासळते. उत्तरं प्रश्नांच्या आधी यायला लागली, तेव्हा सरांचा हात मागे पडला. ते म्हणाले, "हळू, हळू बाई, मी लिहून घेतोय." शेवटी त्यांच्या लक्षात आलं, की ते परीक्षा घेत नव्हते, धडा उतरवून घेत होते.

त्यांनी शून्य खोडलं, दोन लिहिले, शेजारी सही केली. मग एका कोऱ्या कागदावर जुनं वाक्य स्वतःच्या हातानं लिहून स्वतःच आडवी रेघ मारली. "खालचं वाक्य तुम्ही सांगा. एकेचाळीस प्रती काढायच्यात, तेव्हा आटोपशीर सांगा."

एक तारखेला मॅनेजरबाई सकाळीच लाकडाच्या खोलीत आल्या. सर्टिफिकेट बाईच्या खणात होतं, आणि बाहेरच्या मिस्त्रीला येऊ नका म्हणून कळवून झालं होतं. मिस्त्री आदल्या दिवशीच आपली हत्यारं बांधून गेले होते, जाताना म्हणाले होते, "आता ओरडायचं काम तुझं." मॅनेजरबाईंच्या हातात नवं ड्रॉइंग होतं, पंपाच्या मोठ्या डब्याचं, आत वळणावळणाची पोकळी.

"घाईचं आहे," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांत द्या."

बाईनं कागद उजेडाकडे धरला. वरून खालपर्यंत पाहिला, उलटा करून पाहिला.

"पाच."

"मिस्त्रींनी तीनमध्ये दिला असता."

"मिस्त्रींनी चार मागितले असते आणि पाचव्या दिवशी दिला असता. मी आधीच पाच सांगतेय."

"चार करा बाई. गिऱ्हाईक दारात बसलंय."

"त्याला चहा द्या," नवी मिस्त्री म्हणाली, आणि खडूनं फळ्यावर आजची तारीख लिहून पुढे पाच चौकोन आखायला लागली.